ब्रेक नाही म्हणून स्किल नाही? स्पीडवेच्या त्या फॉरवर्डला उत्तर

ती क्लिप परत फिरायला लागलीये. स्पीडवे नावाची बाईक रेस, मातीच्या ट्रॅकवर चार बाईकवाले आडवे होऊन वळतायत आणि खाली मजकूर, की हा गोऱ्यांचा मौत का कुआँ, बाईकला ब्रेक नाही, गिअर एकच, चार चकरा मारल्या की खेळ खल्लास, यात डोकं कुठे लागतं, आणि न्यूझीलंडच्या त्या आयव्हन मेजरची सहा वर्ल्ड टायटल्स म्हणजे एकेका रात्रीचा मटका, पैसा मात्र इतका की सोन्याची बाईक पळवायचा. वर लोकांचे हसणारे इमोजी. चला, एकेक बघू.

ब्रेक नाही, हे खरंय. 500 सीसीचं सिंगल सिलिंडर इंजिन, मिथेनॉलवर चालणारं, आणि बाईक जेमतेम 77 किलोची, म्हणजे आपल्या ऑफिसला न्यायच्या बाईकपेक्षा कितीतरी हलकी. पण ब्रेक नाही म्हणजे स्पीड कमीच करता येत नाही, हे कुणी सांगितलं? वळणावर मागचं चाक मुद्दाम बाहेर घसरवायचं, वळायचंय डावीकडे आणि पुढचं चाक उजवीकडे, डाव्या बुटाला स्टीलचा तळ लावलेला असतो तो पाय जमिनीवर घसटत न्यायचा, आणि हे सगळं सांभाळायचं मनगटावर, थ्रॉटल किती उघडा ठेवायचा त्यावर. आडवी झालेली बाईक स्वतःच स्पीड खाते. उलट ब्रेक दिला असता तर पुढच्याने तो दाबला की मागचा थेट त्याच्या अंगावर. मौत का कुआँवाल्यांबद्दल मला आदरच आहे, पण तिथे तुम्हाला हरवायला कोणी आतल्या बाजूने घुसत नसतं, इथे चौघं एकाच वळणावर एकदम पोचतात.

चार चकरा, जेमतेम एक मिनिट. अहो म्हणून तर अवघड! चूक भरून काढायला वेळच नाही. स्टार्टला समोर आडवी ताणलेली टेप वर गेली की सुटायचं, आधी हललात आणि टेपला लागलात की बाद होऊ शकता, आणि पहिल्या वळणावर मागे पडलात तर पुढच्यांनी उडवलेली माती तोंडावर घेत बसा. आयव्हनचा स्टार्ट भारी होता तो काय उगाच?

आता तो मटका. जुनी वर्ल्ड फायनल एकाच रात्री व्हायची हे बरोबर, पण ती कशी व्हायची हे लिहिणाऱ्याने बघितलेलंच नाही. 16 रायडर, 20 हीट म्हणजे चौघाचौघांच्या छोट्या रेस, प्रत्येकाला पाच राइड, आणि वेळापत्रक असं की प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी एकदा पडणारच. पहिल्याला 3 पॉइंट, मग 2, 1, भोपळा. म्हणजे जास्तीत जास्त 15. आयव्हनने 1968 ला स्वीडनमध्ये गोटेबर्गला 15 पैकी 15 काढले, 1969 ला वेम्बलीत परत चॅम्पियन, 1970 ला पोलंडमध्ये व्रोत्सवाफला, तिथल्या पब्लिकसमोर, पुन्हा 15. 1972 ला चौथं टायटल. 1967 ते 1974 सलग आठ वर्षं हा माणूस पहिल्या तिघांत आहे. आठ वर्षं सलग लागणारा मटका असेल तर मला पण नंबर सांगा.

आणि एका रात्रीत उलटफेर होऊ शकतो हे मी नाकारतच नाही, झालाच की, 1973 ला पोलंडमधल्या खोझूफमध्ये. आयव्हन आणि पोलंडचा येझी श्चाकेल दोघांचे 13-13 पॉइंट, म्हणून रन-ऑफ, म्हणजे फैसल्याची एक जादा रेस, त्यात आयव्हन त्याला गाठायला गेला आणि पडला, टायटल गेलं. म्हणजे नशिबाचा हिशोबच मांडायचा तर त्याच्या खात्यात येणं निघतंय. नंतर 1995 पासून सीझनभराची ग्रां प्री सिस्टीम आली, त्यातसुद्धा सहाच्या पुढे कोणी गेलेलं नाही, स्वीडनचा टोनी रिकार्डसन 2005 ला आणि पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक 2025 ला तिथे पोचले, बस.

पैशाचं तर हसूच येतं. क्राइस्टचर्चचा हा पोरगा 1957 ला, सतरा वर्षांचा, इंग्लंडला विम्बल्डनच्या टीमकडे गेला, तिथे जमलं नाही, गुपचूप घरी परत. पुन्हा इंग्लंड गाठलं ते थेट 1963 ला, न्यूकॅसलकडून, आणि पहिलं वर्ल्ड टायटल त्यानंतर पाच वर्षांनी. बापाच्या पैशावर उडणारी पोरं इतकी वाट बघत नाहीत.

सोन्याची बाईक आहे, ती पण खरी. सलग तीन जिंकलास तर तुझी बाईक सोन्याने मढवून देतो असं दोन अमेरिकन फॅन बोलले होते, तो जिंकला आणि त्यांनी शब्द पाळला. म्हणजे सोनं जिंकल्यानंतर आलं, तेही मुलाम्याचं, आणि ती बाईक पुढे क्राइस्टचर्चच्या कँटरबरी म्युझियममध्ये ठेवली. 1977 चं पाचवं टायटल आणि 1979 ला पुन्हा त्याच खोझूफमध्ये, चाळिशीला महिनाभर राहिला असताना मारलेलं सहावं, ही दोन्ही तिच्यावर नाही, रेसच्या साध्या बाईकवर आली.