फुग्याला टांगलेली दुर्बीण आणि फिरणारा 'पुरावा'

तो फोटो परत फिरायला लागलाय. पांढरा लांबलचक फुगा, शेजारी क्रेनला टांगलेली दुर्बीण, आणि खाली मजकूर: सॅटेलाइट वगैरे सगळ्या थापा, नासा सगळं हेलियमच्या फुग्याला लटकवते, तेच वर्षानुवर्षं वर तरंगत असतं आणि हे लोकांपासून लपवलंय.

आधी ते 'लपवलंय' घ्या. फुग्याला दुर्बीण लटकवतात हे खरंच आहे, नाही कोण म्हणतंय? आपल्या टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) हैदराबादला बलून केंद्र आहे, तिथून एक मीटर आरशाची दुर्बीण कितीदा वर गेलीय, आणि उड्डाणांच्या आधी चक्क जाहीर सूचना निघते की पॅराशूटला लटकलेलं यंत्र तुमच्या शेतात पडलं तर उघडू नका, पोलिसांना कळवा. ती सूचना पार सोलापूरच्या बाजूपर्यंतच्या लोकांसाठी असते. लपवणारे असं करतात होय?

मग फुगाच का? तर तारे धुळीच्या ढगात जन्मतात, त्यांचा साधा प्रकाश धूळच गिळते, तापते आणि ती ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या दूर-अवरक्त किरणांत बाहेर टाकते, आणि हे किरण आपल्यापर्यंत यायच्या आधी हवेतली वाफ त्यांना अडवते. म्हणून ब्लास्ट नावाची दुर्बीण २००६ च्या डिसेंबरात अंटार्क्टिकाहून सुमारे ३८ किमी वर नेली, तिथे ९९ टक्क्यांहून जास्त हवा खाली राहते. याच किरणांच्या २५०, ३५० आणि ५०० मायक्रॉन (मिलीमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीला आकाश बघितलं, आणि २००९ मध्ये निकाल आला की या धुळीच्या उजेडातला निम्म्याहून जास्त भाग ८ अब्ज वर्षांहूनही आधीच्या काळातल्या दीर्घिकांचा (गॅलेक्सींचा) आहे. म्हणजे तारे कधी जोरात बनत होते त्याचा हिशोबच. थापा मारायला एवढा खटाटोप कोण करेल!

आता 'वर्षानुवर्षं तरंगतं'. ब्लास्ट ११ दिवस वर होती. खाली आल्यावर पॅराशूट दुर्बिणीपासून वेगळं झालंच नाही, वाऱ्याने ती बर्फावरून जवळपास २०० किमी फरफटत नेली, दुर्बिणीचा पार चुराडा, नशीब हार्ड डिस्क सापडल्या. नासाची गस्टो, ताऱ्या-ताऱ्यांच्या मधल्या जागेतल्या वायूचा अभ्यास करणारी फुग्यावरचीच दुर्बीण, ५७ दिवस टिकली तर केवढा रेकॉर्ड म्हणून गाजावाजा झाला. वर्षं कुठली घेऊन बसलात!

आणि 'सॅटेलाइट नाहीतच' म्हणाल तर ब्लास्टमधल्यासारखेच डिटेक्टर हर्शेल नावाच्या अवकाश दुर्बिणीवर होते, फुग्यावर आधी पारखून घेतलेले. हर्शेल २००९ मध्ये रॉकेटने गेली, १५ लाख किमी लांब, आणि २०१३ ला थंड ठेवणारं हेलियम संपेपर्यंत बघत राहिली. फुगा हवेवर तरंगतो हो, तिथे हवा कुठून आणणार?