डंबेलवाले भाऊ, आधी ‘जरा’चं बोलू

‘जिमचा पहिला महिना’ या माझ्या लेखाखाली परवा एक प्रतिक्रिया आली. लिहिणाऱ्याने नाव दिलेलं नाही, फोटोच्या जागी डंबेल आहे, म्हणून मी त्यांना डंबेलवाले भाऊ म्हणणार आहे. राग नसावा. लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी प्रतिक्रिया जशीच्या तशी देते:

“ताई, लेख वाचला. भाषा छान आहे, पण जरा अभ्यास करून लिहीत जा. लॅक्टिक ॲसिड साठून दुसऱ्या दिवशी अंग दुखतं हे कधीच खोटं ठरलंय. स्ट्रेचिंगने दुखणं टळतं, हेही तसंच. ‘दुखत असलं तरी चौथ्या दिवशी जा आणि तेवढंच वजन उचला’ हा सल्ला नवख्या माणसाला महागात पडेल, एखाद्याची किडनी जाईल. बँकेत एसीत बसणाऱ्यांनी, ज्यांना कष्टाची सवय नाही त्यांनी, दुसऱ्यांना कष्ट शिकवू नयेत.”

या प्रतिक्रियेला सात जणांनी अंगठा दिलाय. त्यातला एक माझा चुलतभाऊ आहे. त्याच्याशी मी वेगळं बोलेन.

भाऊ, ‘जरा सरका’ ठीक आहे. ‘जरा मीठ द्या’ ठीक आहे. ‘जरा अभ्यास करून लिहा’ यातला ‘जरा’ वेगळा असतो. काम थोडंसंच होतं आणि तेवढंही तुम्ही केलं नाही, असं तो सांगतो. वर ‘भाषा छान आहे’ची साखर. चूक दाखवायला हरकत नव्हती. ‘ताई, इथे चुकलंय, असं असं आहे’ एवढं लिहिलं असतं तर मी आभार मानले असते आणि हे उत्तर चार ओळींत संपलं असतं.

तुमचं जे बरोबर आहे ते आधी देऊन टाकते, म्हणजे नंतर हात मोकळे राहतील. लॅक्टिक ॲसिडचं तुम्ही म्हणता तेच खरं. व्यायाम थांबवल्यावर तासाभरात रक्तातलं त्याचं प्रमाण पूर्वीसारखं होतं आणि अंग दुखायला लागतं बारा ते चोवीस तासांनी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. म्हणजे चोर संध्याकाळीच गाव सोडून गेलेला आणि घरफोडी दुसऱ्या दिवशी. चूक मान्य. पण मी ते हवेतून आणलं नव्हतं. आमच्या शाळेत तेच शिकवलं, जिममधला पोरगा आजही तेच सांगतो आणि स्नायू आणि लॅक्टिक ॲसिडचा संबंध शोधणाऱ्या मायरहॉफ यांना १९२२ चं नोबेल मिळालेलं आहे. ते अंगदुखीसाठी मिळालं नव्हतं, हे मला ठाऊक आहे, पुन्हा प्रतिक्रिया टाकू नका.

तुमच्या कृपेने रात्री एकपर्यंत बसून वाचलं. थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९०२ सालीच लिहून ठेवलंय की हे उशिरा येणारं दुखणं वेगळं आहे, स्नायूच्या आतच कुठेतरी फाटतं म्हणून ते येतं. त्याने प्रयोग केला होता बोटांच्या स्नायूंवर. ही बोटांची गोष्ट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे. पुढे कळलं ते असं, की स्नायू लांब होत होत भार सोसतो तेव्हा त्याचे बारीक धागे जास्त दुखावतात. वजन उचलताना कमी, सावकाश खाली ठेवताना जास्त. चैत्रात खानदेशातून पायी सप्तशृंगी गडावर जाणाऱ्या कुणालाही विचारा. पाचशेच्या आसपास पायऱ्या चढताना धाप लागते, पण मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे, आणि तेही घरी आल्यावर. आमच्याकडच्या बायकांना हे माहीत होतं. त्याला नाव काय द्यायचं ते माहीत नव्हतं, एवढंच.

स्ट्रेचिंगने फारसा फरक पडत नाही, बरं. मी करते, मला बरं वाटतं, पुढे चला.

आता तुमचं शेवटचं वाक्य. ‘ज्यांना कष्टाची सवय नाही.’

आधी एसीचं. आमच्या शाखेतला एसी दोन उन्हाळ्यांपासून बंद आहे आणि जळगावचा मे महिना तुम्हाला माहीत नसेल तर एकदा या. ४५ अंशात काउंटरवर बसून पीक कर्जाचे कागद तपासणं हे कष्ट नाहीत असं मानलं, तरी तिथे घाम गळतो, हे कागदांवरचे डागच सांगतील.

पण मी बँकेत जन्मले नाही भाऊ. पारोळा तालुक्यात आमचं चार एकर कोरडवाहू, त्यात कपाशी. दिवाळीच्या सुट्टीत बाकीची पोरं मामाच्या गावाला जायची, आम्ही वेचणीला. पहिल्यांदा पूर्ण पात, म्हणजे वेचायची पूर्ण ओळ, धरली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. सकाळी दव असताना शेतात, कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधलेली, वाकायचं ते वाकायचंच. कपाशी माझ्या छातीएवढी होती, पण खालची बोंडं गुडघ्याच्याही खाली. बोंड फुटलं की त्याच्या वाळलेल्या पाकळ्यांना टोकं येतात. कापूस ओढताना ती नखाच्या कडेला घुसतात, नेमकी तिथे, जिथे नख आणि मांस भेटतं. संध्याकाळी तराजूवर माझा कापूस भरला अकरा किलो. आईचा बेचाळीस.

त्या रात्री काही दुखलं नाही. मी उड्या मारत होते. दुसऱ्या दिवशी कंबर ताठली. तिसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठता येईना. कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन, मग हातावर जोर देऊन उठले आणि बोटं मिटेनात. चहाचा कप दोन्ही तळहातांत धरून प्यायले. आठवा, हफसाहेबांनी बोटांवरच प्रयोग केला होता. आमच्या शेतात आले असते तर यंत्राचा खर्च वाचला असता.

तर कष्टाची सवय नाही म्हणता ती ही. आईने काय केलं? तिने मला घरी झोपवलं नाही. तिळाच्या तेलाने कंबर चोळली, गरम पाण्याने आंघोळ घातली आणि शेतात घेऊन गेली. तिथे गेल्यावर म्हणाली, आज अर्धीच पात धर, पाणी पाजायला तू. तीन दिवस अर्धी पात. पाचव्या-सहाव्या दिवशी मी पुन्हा पूर्ण पात धरली आणि कंबर कुठे गेली ते कळलंही नाही. पुढच्या आठवड्यात एकोणीस किलो.

आता तुम्ही म्हणाल, बघा, तुमची आईच माझं म्हणणं सांगतेय, चौथ्या दिवशी तेवढंच नाही, अर्धंच. हो. हे लिहिता लिहिता माझ्याही लक्षात आलं. पण माझी आई ‘जरा अभ्यास कर’ असं म्हणाली नव्हती.

शिवाय मूळ मुद्दा माझाच राहतो. चौथ्या दिवशी परत जायचं, हा. स्नायू एकदा दुखून बरे झाले की तेच काम पुढचे काही आठवडे तेवढं दुखवत नाही, हे आता शास्त्रही सांगतं. तुम्ही वजनाच्या आकड्याला धरून बसलात आणि ‘परत जा’ हे सोडून दिलंत. नवीन माणूस जिम सोडतो ते वजनामुळे नाही, तिसऱ्या दिवसामुळे सोडतो. त्याला वाटतं आपल्याला काहीतरी झालंय.

मला स्वतःला वाटलं होतं. त्रेचाळिसाव्या वर्षी पैसे भरले, बायकांची बॅच चार ते पाच. पहिल्याच सोमवारी बावीस वर्षांचा ट्रेनर ‘मॅडम, अजून दहा’ करत करत बैठका काढून घेत राहिला. मला वाटलं, कपाशी वेचलेली बाई मी, यात काय. किती झाल्या ते मोजलं नाही, कारण लाज वाटत होती. मंगळवारी ठीक. बुधवारी आमच्या घरच्या भारतीय संडासात बसले आणि उठता येईना. नळ धरला, नळ हलला. शेवटी भिंतीला पाठ लावून सरकत सरकत वर आले. शाखेचा जिना खेकड्यासारखा आडवा उतरले. शुक्रवारी हातांचा व्यायाम, रविवारी भाकरी थापताना हात खांद्यातून भरून आला आणि दादर ज्वारीची भाकरी परातीतच फाटली. सासूबाई कट्ट्याजवळ उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, “पैसा दीसन आंग दुखाडी लेस का वं माय?” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

थकव्याचं तर वेगळंच. पहिले दोन आठवडे साडेआठला डोळे मिटायचे. मी ते आजारपण समजून रक्त तपासायला निघाले होते. मग कळलं की दुपारच्या डब्यानंतर मी काही न खाता थेट जिमला जात होते आणि घरी येऊन वजन उतरावं म्हणून अर्धी भाकरी खात होते. साडेतीनला दोन केळी आणि रात्री पोटभर वरण-भाकरी सुरू केली, दहा दिवसांत फरक पडला. (केळ्याने अंगदुखी जाते असं मी म्हणत नाहीये. जळगावात केळ्याने काय काय जातं ते सांगणारे पुष्कळ आहेत, त्यात मी नाही. पोटात काहीतरी असावं, एवढंच.)

राहिला किडनीचा मुद्दा. मला तो सुरुवातीला अतिशयोक्तीच वाटला. अंग दुखलं म्हणून कुणी एकदम किडनीवर जातं का? तरी वाचलं, आणि आहे ते. स्नायू फार प्रमाणाबाहेर तुटले तर त्यातलं प्रथिन रक्तात उतरतं आणि किडनीला त्रास देतं. लघवी काळ्या चहासारखी होते, दुखणारा भाग सुजून दगडासारखा होतो, हात किंवा पाय उचलतच नाही. असं झालं तर तेल चोळत बसायचं नाही, वेदनाशामक गोळी घेऊन वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. नवख्याकडून पहिल्याच दिवशी शेकडो बैठका काढून घेतल्या, त्यात उन्हाळा, पाणी कमी, तर हे होऊ शकतं. त्या सोमवारी माझं काय झालं असतं, हा विचार मी करत नाहीये आणि तुम्हीही करू नका.

पण हे तुम्ही एका शब्दात ‘किडनी जाईल’ असं फेकलंत. लघवीचा रंग लिहिला असता तर एखाद्या वाचकाला उपयोग झाला असता. ज्याला खरंच माहिती द्यायची असते तो माहिती देतो. तुम्हाला मला गप्प करायचं होतं. असो. हे जरा जास्त बोलले असेन. हा माझा ‘जरा’.

लेखात केलेले बदल: लॅक्टिक ॲसिडचा परिच्छेद काढला. स्ट्रेचिंगच्या ओळीत ‘दुखणं टळतं’ऐवजी ‘बरं वाटतं’ केलं. ‘तेवढंच वजन’ऐवजी ‘निम्मं वजन, आणि दुखत असलेल्या भागाला सोडून दुसरा भाग चालेल’ असं केलं. लघवीच्या रंगाची ओळ ठळक अक्षरात घातली. कुणाच्या सांगण्यावरून हे बदल केले, ते लिहिलेलं नाही, कारण तुम्ही नाव दिलेलं नाही. नाव कळवलंत तर घालेन.

आज पायांचा दिवस होता. हे उत्तर टाईप करताना दोनदा उठावं लागलं, एकदा दूध उतू चाललं म्हणून आणि एकदा चुलतभावाचा फोन आला म्हणून. दोन्ही वेळा टेबल धरून उठले.