पहिले वेल्डिंग मशीन आणि खोक्यावरचा मोठा आकडा

हौसेने वेल्डिंग शिकू पाहणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: बेताच्या पैशांत बसेल ते सर्वांत जास्त अँपिअरचे, गॅसविना चालणारे मिग (तार आपोआप पुढे सरकवत वेल्डिंग करणारे) मशीन घ्यावे, रॉडचे वेल्डिंग जुनाट आणि अवघड आहे, ड्युटी सायकलची, म्हणजे मशीन न थांबता किती वेळ चालते याची, चिंता कारखान्यांनी करावी, बाकीचे सामान सवडीने घेता येते. यातले एक विधान अर्धे खरे आहे. इतर तपासणीत टिकत नाहीत.

अँपिअरपासून सुरुवात करू. साध्या लोखंडी कामात 2.5 मिमीच्या रॉडला साधारण 70 ते 90 अँपिअर लागतात आणि 3.15 मिमीच्या रॉडला 100 ते 130. हौशी माणसाचे बहुतेक काम 2 ते 5 मिमी जाडीचे अँगल, पट्ट्या आणि चौकोनी पाइप यांवर असते, आणि ते या दोन रॉडांत भागते. शिवाय मोठा आकडा प्रत्यक्षात उतरायचा तर तेवढी वीज भिंतीतून यावी लागते. रॉडच्या वेल्डिंगमध्ये 200 अँपिअरला प्रमाण दाब 28 व्होल्ट धरतात, म्हणजे नुसती आर्कची, रॉड आणि लोखंड यांच्यात पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीची, शक्तीच 5.6 किलोवॅट होते. उलट 230 व्होल्टवरच्या 16 अँपिअरच्या सॉकेटमधून जास्तीत जास्त 3.68 किलोवॅट मिळतात, आणि त्यातही मशीनमधली घट वजा जाते. असे सॉकेट असलेल्याने 200 च्या आकड्यासाठी मोजलेले जादा पैसे खोक्यावरच राहतात.

ड्युटी सायकलचा मुद्दा मात्र जरा सविस्तर पाहायला हवा, कारण सल्ला देणारे येथेच सर्वांत जास्त चुकतात. दहा मिनिटांपैकी किती मिनिटे मशीन ठरावीक प्रवाहावर सलग चालू शकते, ते ही टक्केवारी सांगते, आणि ती सहसा 40 अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते. तापणे ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने 200 अँपिअरला 20 टक्के देणारे मशीन 60 टक्क्यांना साधारण 115 अँपिअरच देऊ शकते. हौशी माणूस एक रॉड संपवून स्लॅग (सांध्यावर जमलेली कडक खपली) झाडतो, पुढचा तुकडा बसवतो आणि मग दुसरा रॉड लावतो, त्यामुळे त्याची गरज कमी असते हे मान्य. पण दोन स्वस्त मशीनांवर सारखाच 200 चा आकडा असेल, तर त्यांतला फरक ओळखायला मशीनच्या मागच्या माहितीपट्टीवरची ही टक्केवारीच उपयोगी पडते. पट्टीच नसेल, तर ते मशीन घेऊ नये.

गॅसविना मिग सोपे असते, हे ते अर्धे खरे विधान. तार आपोआप पुढे सरकते, आर्क टिकवावी लागत नाही, आणि पहिल्याच दिवशी सांधा बरा दिसतो. अडचण अशी की बरा दिसणारा सांधा नुसता वरवर चिकटलेलाही असू शकतो, आणि नवख्याला ते कळत नाही. गॅसविना चालणाऱ्या या तारेला सहसा टॉर्च (हातात धरायची वेल्डिंगची नळी) ऋण टोकाला जोडावा लागतो, गॅसवर चालणाऱ्या भरीव तारेला धन टोकाला; काही स्वस्त मशीनांत ही अदलाबदल करण्याची सोयच नसते. ठिणग्या खूप उडतात, आणि स्लॅग झाडणे काही चुकत नाही. उलट डीसी इन्व्हर्टरवर (रॉडच्या वेल्डिंगचे हलके मशीन) 6013 चा, म्हणजे साध्या लोखंडाचा नेहमीचा, रॉड वारंवार चिकटतो खरा, पण त्यातूनच आर्कचे अंतर हाताला समजते. शिवाय सोय असलेल्या मशीनवर पुढे व्हॉल्व्हचा टॉर्च आणि आर्गन वायू जोडून टिगही (टंगस्टनच्या टोकाने केलेले वेल्डिंग) करता येते. मात्र काम प्रामुख्याने 1.5 मिमीच्या आतल्या पत्र्याचे असेल, तर रॉडने भोके पडतील. तेथे गॅसवरचे मिगच घ्यावे आणि सिलिंडरचा खर्च आधीच धरावा.

बाकीचे सामान सवडीने घेण्याजोगे नाही. आर्कच्या अतिनील किरणांनी डोळे भाजायला काही क्षण पुरतात, म्हणून 10 किंवा 11 शेडच्या (काळेपणाच्या क्रमांकाच्या) काचेचे हेल्मेट आणि चामडी हातमोजे मशीनबरोबरच घरात यावेत. जस्ताचा थर असलेला पाइप जोडायचा तर तो थर आधी घासून काढावा लागतो, कारण त्याच्या धुराने ताप येतो. ग्राइंडर, क्लॅम्प आणि वायर ब्रश यांचे पैसेही याच रकमेतून बाजूला काढावेत. पहिल्या महिन्यात मशीनपेक्षा ग्राइंडरच जास्त चालतो.