मुलासाठी बघताय का?

गेल्या शनिवारी भर दुपारी, पुण्यातल्या एका वाद्यांच्या दुकानात, विशीतल्या एका पोरानं मला विचारलं, "काका, मुलासाठी बघताय का?"

मला मुलगा नाही. मुलगी आहे. ती कथक शिकते आणि माझ्या गिटार वाजवण्याबद्दल तिचं मत "बाबा, दार लावून घे" एवढंच आहे. तेव्हा मी नुसतं "हो" म्हणून टाकलं असतं तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मी पडलो सत्यवचनी. "नाही, मलाच हवीये," असं म्हणालो. त्यावर तो "अच्छा" म्हणाला. आज पाच दिवस झाले, तो "अच्छा" अजून घशातून खाली उतरलेला नाही.

मला हवी होती ऑफसेट गिटार. नेहमीच्या गिटारची कंबर दोन्ही बाजूंनी सारख्या उंचीवर आत जाते. हिची एका बाजूनं वर आणि दुसऱ्या बाजूनं खाली, म्हणजे माणूस कुशीवर वळता वळता मध्येच झोपी गेला तर दिसेल तशी. फेंडर कंपनीनं 1958 साली या घाटाची जॅझमास्टर काढली. बसून वाजवणाऱ्याच्या मांडीवर ती नीट बसावी, असा विचार. नावावरून कळतंच की डोळा जॅझवाल्यांवर होता. बहुतेक जॅझवाल्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, उचलली ती कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या पोरांनी. मग 1962 मध्ये जॅग्वार आली आणि 1964 मध्ये मस्टँग, ती तर खास शिकाऊ विद्यार्थ्यांसाठी. (शिकाऊ हा शब्द लक्षात ठेवा, मला तो नंतर लागला.) 1980 मध्ये जॅझमास्टर बंद पडली. जुन्या गिटारी सावकारी दुकानांत मातीमोल विकल्या जाऊ लागल्या, म्हणून खिशात दमडी नसलेल्या आणि आवाजाची हौस असलेल्या पोरांनी त्या घेतल्या. त्या पोरांनी नाव काढलं आणि गिटारी महाग झाल्या. आपल्याकडे नाचणीचं झालं तेच.

मला ती का हवी होती? घरी सांगितलेलं कारण वैद्यकीय आहे. गेल्या वर्षी माझ्या कमरेतला एल फोर-एल फाइव्ह सरकला. डॉक्टर म्हणाले, खांद्याला वजन अडकवून उभं राहायचं नाही. मग बसून वाजवायची गिटार घेणं हा औषधोपचारच नाही का? शिवाय तिची कंबर सरकलेली, माझीही सरकलेली. खरं कारण असं की कॉलेजात असताना केबलवर एक केस वाढवलेला माणूस हे असलं वाकडं वाद्य बडवताना मी पाहिला होता. तेव्हापासून ते डोक्यात होतं, फक्त मधे गृहकर्ज आलं.

तीन आठवडे मी एक्सेलमध्ये तक्ता करत होतो. चौदा रकाने. पहिला रकाना तारेच्या लांबीचा: जॅझमास्टर साडेपंचवीस इंच, मस्टँग चोवीस. दीड इंच ऐकायला किरकोळ वाटतो, पण माझी करंगळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्याचं मोल कळेल. स्क्वायरची (हा फेंडरचाच स्वस्तातला ब्रँड) बुलेट मस्टँग स्वस्त, दोन हंबकर (तारांचं कंपन पकडणारे, पण विजेची गुणगुण मारणारे पिकअप), ब्रिज, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी, पक्का, फापटपसारा काही नाही. त्यांचीच क्लासिक व्हाइब दिसायला अस्सल, सगळी बटणं जिथल्या तिथे, पण माझ्या बजेटच्या पार पलीकडे. माझं बजेट "यंदा कूलर नको" या अटीवर मंजूर झालेलं होतं. व्हिडिओ बघून काही ठरत नाही. ती मंडळी इतकी सुरेख वाजवतात की त्यांच्या हातात झारा दिला तरी तो विकत घ्यावासा वाटेल. म्हणून दुकानात गेलो.

भिंतीवर अकरा गिटारी होत्या. नऊ एकाच घाटाच्या, त्यातल्या सात एकाच रंगाच्या. ऑफसेट दोनच: एक जॅझमास्टरच्या घाटाची आणि एक मस्टँगच्या. कंपन्यांची नावं सांगत नाही, पुढे जे झालं त्यात त्यांचा दोष नाही.

"अँप लावून बघता येईल का?"

"घेणार असाल तर लावतो, काका."

आता ऐकून बघितल्याशिवाय घेणार कसा आणि घेतल्याशिवाय ऐकणार कसा? कोपऱ्यात एक मुलगा तासभर त्याच चार सुरांची दळणं दळत होता, त्याला कुणी हे विचारलं नव्हतं. त्याच्या खिशात बसचा पास असेल, माझ्या खिशात डेबिट कार्ड होतं. पण विचारणा मला. पंचेचाळिशीनंतर माणसाला दुकानात दोनच भूमिका मिळतात, पैसे देणारा बाप किंवा वेळ घालवणारा काका. तिसरी मागायला गेलं की "अच्छा" येतो.

शेवटी अँप लागला. मी स्टुलावर बसलो, गिटार मांडीवर घेतली. काय बसली म्हणून सांगू! 1958 साली कुणीतरी माझ्या मांडीचं माप घेऊन गेलं असावं. मी सगळा जीव ओतून पहिला कॉर्ड मारला आणि सहावी तार टण्णकन सॅडलवरून, म्हणजे ब्रिजवरच्या तिच्या टेकूवरून, उडून शेजारी जाऊन बसली.

"काका, हळू! पीस नवीन आहे."

"हिच्यात हे होतंच," मी म्हणालो. "मूळ ब्रिज जाड तारांसाठी केलेला होता. आता बारीक तारा लावतात. दाब कमी पडतो, म्हणून तार उडते आणि घरघरते." रकाना क्रमांक नऊ. पोरानं माझ्याकडे असं बघितलं की भांडं फोडून वर गुरुत्वाकर्षण समजावून सांगणारा इसम दिसावा.

तेवढ्यात मागून आवाज आला, "ह्यो खर्ज कुठनं येतोय?"

मागे बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी, बाजूला गोधडीत गुंडाळलेले दोन तंबोरे. मिरजेहून सकाळीच माल घेऊन आले होते आणि मालक चार वाजता येणार म्हणून साडेबारापासून बसून होते.

"खर्ज नाही आजोबा, करंटची हम् आहे," पोरगा म्हणाला. हंबकर नसलेल्या पिकअपमध्ये विजेची गुणगुण शिरते, ती.

आजोबांनी डोळे मिटले, गळ्यातल्या गळ्यात सूर लावून बघितला. "पांढरी पाच. जरा चढीच हाय." (म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी.) मग डोळे उघडून, "वीजमंडळाला सांगा, उतरवा म्हनावं."

मी त्याच क्षणी त्या माणसाच्या प्रेमात पडलो. ते उठून जवळ आले, गिटार हातात घेतली आणि अंगावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, बाजारात कलिंगड बघतात तसं.

"भरीव हाय की रं!"

"हो."

"आत पोकळी न्हाई?"

"नाही."

"मग आवाज ऱ्हातो कुठं?"

मी केबल दाखवली, केबल जिथे जाते तो अँप दाखवला. आजोबा अँपभोवती एक चक्कर मारून आले. "म्हंजे भोपळा तिकडं ठेवलाय," ते म्हणाले. सदतीस व्हिडिओ पाहिले मी, इलेक्ट्रिक गिटार इतक्या थोडक्यात कुणी समजावली नव्हती.

मग त्यांचं लक्ष ब्रिजच्या मागच्या तारांकडे गेलं. या घाटात ब्रिज आणि तारांचा खुंटा यांत चांगलंच अंतर असतं. तेवढ्या तुकड्यांवर नख मारलं की टिंगटिंग वाजतं.

"ह्या तरफा कशाला लावल्यात?" (तरफा म्हणजे सतारीच्या मुख्य तारांखाली आपोआप झणाणणाऱ्या तारा.)

"लावल्या नाहीत, उरल्यात."

"उरल्या व्हय." त्यांनी पुन्हा टिंगटिंग केलं. "आमच्या सतारीला मुद्दाम लावाव्या लागत्यात. ह्या सायबाच्या नुसत्या उरत्यात."

तो सायब म्हणजे लिओ फेंडर. त्याला स्वतःला गिटार वाजवताच यायची नाही हे मी सांगितल्यावर आजोबांना जराही नवल वाटलं नाही. "बनवणाऱ्यानं ऐकावं. वाजवायला दुसरी मानसं असत्यात."

मी उडालेली तार बसवून परत छेडली. ती झर्रर्र करत राहिली. पोरानं तोंड वाकडं केलं. आजोबांचा चेहरा मात्र उजळला. "जवार बरी लागलीया!" (जवार म्हणजे तंबोऱ्याच्या तारेत मुद्दाम आणलेली झणझण.)

"आजोबा, ते बझिंग आहे. डिफेक्ट."

"डिफेक्ट?" आजोबांनी तो शब्द लोणच्यातल्या बीसारखा तोंडात घोळवला. "आरं, ह्यासाठी आमी दोन-दोन दिस घोडी कानशीनं घासत बसतो."

हे मला खरंच कधी सुचलं नव्हतं. ज्या आवाजासाठी तंबोरा करणारा डोळे फोडतो, तोच आवाज घालवायला जगभर लोक या गिटारचा ब्रिज काढून दुसरा बसवतात. आजोबांनी सदऱ्याच्या खिशातून काडेपेटी काढली. आत काड्या नव्हत्या, पांढऱ्या दोऱ्याची गुंडी होती. दोऱ्याचा तुकडा तोडून ते तो तार आणि सॅडलच्या मधे सरकवू लागले. पोरगा "आजोबा, वॉरंटी! वॉरंटी!" असं ओरडत होता आणि मी, लाज वाटते सांगायला, त्याला हातानं अडवून धरला होता. दोरा काही बसेना. तंबोऱ्याच्या घोडीला रुंद, किंचित उतरती पाठ असते, त्यावर तार लोळते. इथे सॅडल म्हणजे आटे पाडलेला स्क्रूसारखा तुकडा. दोरा आट्यात जाऊन रुतला.

"घोडीला पाठच न्हाई," आजोबांनी निकाल दिला. "ही घोडी न्हवं, नटबोल्ट हाय. जवार लागलीया खरी, पर चुकून लागलीया. चुकून लागल्याली ऱ्हात न्हाई."

आणि त्या क्षणी आवाज पूर्ण बंद झाला. हम् गेली, तार गेली, सगळंच गेलं. पोरानं केबल बदलली, प्लग बदलला, अँपला दोन थपडा मारल्या. "काय केलंत तुम्ही?" हे अर्थात मला. दहा मिनिटं मी चाळीस हजारांचा मुका ओंडका मांडीवर घेऊन आरोपीसारखा बसलो होतो. कोपऱ्यातल्या दळणवाल्यानंसुद्धा गिरणी थांबवली. मग आजोबांनी गिटारच्या वरच्या शिंगापाशी असलेलं एक बारकं सरकतं बटण खाली ओढलं आणि पांढरी पाच परत आली. त्या बटणानं मऊ आवाजाची वेगळी वाट चालू होते. तिची दोन चाकं शून्यावर असली की गिटार मेल्यासारखी गप्प. ओणवं होऊन दोरा घालताना आमच्यापैकी कुणाचा तरी हात लागला असणार. माझ्या तक्त्यात हे सगळं होतं, रकाना क्रमांक बारा. पण ऐन वेळी रकाना आठवला नाही, हे मी कुणाजवळ बोललो नाही.

मस्टँगचं फार सांगण्यासारखं नाही. आखूड, हलकी, माझी करंगळी पोचेल अशी. घरघर नाही, गुणगुण नाही, उरलेल्या तारा नाहीत. आजोबांनी दोनदा छेडून परत दिली. "गुणाची हाय. इचारलं तेवढंच बोलती." ही स्तुती होती की काय, ते कळेना.

"काका, तुमच्यासाठी हीच बेस्ट," पोरगा म्हणाला. "स्टुडंट मॉडेल आहे."

चारचे मालक पावणेपाचला उगवले. आजोबांच्या हातावर त्यांनी काही नोटा ठेवल्या आणि बाकीचं पुढल्या खेपेला म्हणाले. मागच्या दोन तंबोऱ्यांचंही थोडं राहिलं होतं, तेही पुढल्या खेपेला. आजोबांनी नोटा मोजल्या नाहीत, नुसत्या दुमडल्या. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी पेपरात वाचून खूश झालो होतो. ते सांगितलं तर म्हणाले, "मानांकन मिळालं. बिल तेवढं ऱ्हायलंय." मी हसलो. ते हसले नाहीत. मग मला उगाच हसल्यासारखं झालं.

मला मालक म्हणाले, घाई करू नका, बुधवारी या, भाव बसवून देतो. आजोबांना रिक्षात बसवलं. बसता बसता त्यांनी ती काडेपेटी माझ्या हातात कोंबली. "ऱ्हाऊ दे. आन् कंबरंला एरंडेल लाव, पोरा."

चार दिवस मी तक्त्याकडे बघत काढले. पंधरावा रकाना घातला: जवार. बाकीच्या चौदांत मस्टँग पुढे होती, त्या एकात मागे. बुधवारी सकाळी दुकानात फोन लावला.

"काका, ती वाकडी जॅझमास्टरवाली ना? गेली ती काल."

"कुणी घेतली?"

"एका मुलासाठी घेतली. त्याचे पप्पा आले होते."

"मुलगा नव्हता आला?"

"नाही. पप्पाच दोन तास वाजवत बसले होते."