पोरांना खजिन्याच्या गोष्टी द्याच

आमच्या वाचनालयात मुलांसाठी खजिन्याच्या गोष्टी ठेवू नका, असं एका जाणत्या काकाजींनी सुचवलं. "काहून पोरायच्या डोक्यात धनाचं भरता बाप्पा? गावात आधीच कमी येडे हायेत का?"

काकाजींची काळजी खोटी नाही. वऱ्हाडात गुप्तधन म्हटलं की नकाशा आणि बेट आठवत नाही. आठवते ती अमावास्या, हळदीकुंकू लावलेले लिंबू, मांत्रिक आणि पायाळू लेकरू. पायाकडून जन्मलेल्याला जमिनीतलं धन दिसतं, ही समजूत अजून गेलेली नाही. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठीच्या अघोरी प्रकारांचा आणि नरबळीचा उल्लेख उगाच आलेला नाही.

माझं म्हणणं मात्र नेमकं उलटं आहे. याचसाठी या गोष्टी पोरांना द्या.

रविवारी मी वाचनालयात पोरांना ई. नेस्बिट या इंग्रज लेखिकेची 'द स्टोरी ऑफ द ट्रेझर सीकर्स' ही 1899 ची कादंबरी आपल्या बोलीत सांगतो. सहा भावंडं. आई वारलेली, बापाचा धंदा बसलेला. घरातली चांदीची भांडी पोचे काढायला म्हणून दुकानात जातात आणि परत येत नाहीत. इथे मी थांबलो, म्हटलं जरा समजावून सांगू. सातवीतली एक पोरगी म्हणाली, "गहाण पडली असन." झालं! सोयाबीनचा भाव पडला त्या वर्षी मायची पोत कुठं गेली हे ज्या घरात कोणी बोलत नाही, तिथल्या लेकरांना लंडनची ही गोष्ट समजावायची गरजच नव्हती. ती भावंडं धन शोधायला निघतात ती हौसेनं नाही, घराची पत सावरायला.

पहिल्यांदा ती बागेत खणतात. भुयार ढासळून शेजारचा आल्बर्ट मातीत अडकतो, त्याचा काका त्याला बाहेर काढतो आणि त्याच मातीत दोन नाणी सापडतात. सगळे हसत असताना मागून एक पोरगा म्हणाला, "काकानंच टाकले असतीन." मला हेच हवं होतं. चांगल्या शोधकथेत प्रत्येक खुणेवर शंका घ्यावी लागते, नाहीतर गोष्ट पुढे सरकत नाही. मांत्रिकाच्या गोष्टीत शंका घेतली की धन म्हणे कोळसा होतं. शंका घ्यायची सवय लागलेलं पोरगं मांत्रिकाच्या काय कामाचं?

मग खऱ्या हंड्याचा विषय निघालाच. 1878 चा कायदा अजून आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं, तर कलेक्टरला लेखी कळवायचं. मालक पुढे आला नाही आणि सरकारनेही ते घेतलं नाही, तर सापडवणाऱ्याला पाऊण हिस्सा, जागेच्या मालकाला पाव. यावर जी जुंपली! शेत मामाचं, ट्रॅक्टर भाड्याचा, मग सापडवणारा कोण, ड्रायव्हर की मामा? कादंबरीतलं एक आख्खं प्रकरण तिथं फुकट तयार झालं.

शेवटी त्या भावंडांचं नशीब उघडतं ते हिंदुस्थानातून परतलेल्या श्रीमंत काकामुळे. पोरं त्याला गरीब समजून जेवायला बोलावतात, आणि तो प्रसंग फार गोड आहे. पण वऱ्हाडात बसून वाचताना 'काकानं इकडे काय केलं असेल बुवा' हे मनात येतंच.

आता कुणी तरी आपल्याकडची अशी खजिन्याची गोष्ट लिहा. आम्हा अकोटवाल्यांना नरनाळा किल्ला आहे. महाकाली दरवाजा आहे, नऊगजी तोफ आहे, आणि वर जायला वनखात्याची परवानगी लागते म्हणजे कथानकाला अडथळाही आयता. त्यात मांत्रिक असू द्या, पायाळू बहीण असू द्या, आणि तिला धनबिन काही दिसत नाही हे तिनंच भर चावडीत सांगू द्या. फक्त समुद्री चाचे नकोत, इथून समुद्र फार लांब आहे.

नेस्बिटबाई 1924 साली वारल्या, त्यामुळे मूळ पुस्तक कधीच कॉपीराइटमधून सुटलंय आणि नेटवर फुकट मिळतं. कुणी वऱ्हाडीत उतरवणार असेल तर मला मेसेज करा. कच्चा मसुदा ऐकायला माझी रविवारची पोरं तयार आहेत, आणि ती तोंडावर सांगतात.