युरोपात इंग्रजी शिकवून महिना तीन लाख? आधी हिशेब बघा

"१२० तासांचा ऑनलाइन टीईएफएल (परकीय भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा) कोर्स करा, युरोपात इंग्रजी शिकवा, महिना अडीच-तीन लाख कमवा. अनुभव लागत नाही. व्हिसा शाळाच करून देते. राहणं-खाणं जाऊन अर्धे पैसे शिल्लक, वर ऑनलाइन शिकवण्या आहेतच." अशा अर्थाचा मजकूर व्हॉट्सअॅपवर आणि रील्समध्ये सतत फिरत असतो. विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर राबणारे बी.एड. झालेले तरुण तो वाचतात आणि कर्ज काढून फी भरतात. म्हणून त्यातला एकेक दावा इथे तपासला आहे. हिशेब सोपा जावा यासाठी १ युरो म्हणजे १०० रुपये धरले आहेत.

"महिना अडीच-तीन लाख"

म्हणजे हातात २,५०० ते ३,००० युरो. खाजगी भाषा-अकादमीत नव्या शिक्षकाला एवढे पैसे मिळत नाहीत. स्पेनचंच बघा. तिथलं २०२५चं किमान वेतन १,१८४ युरो, वर्षातून १४ हप्ते. बारा महिन्यांवर पसरलं तर १,३८१, आणि सामाजिक सुरक्षेची कपात गेल्यावर हातात साधारण १,२९० युरो. पूर्णवेळ अकादमी शिक्षकाचा पगार बहुधा याच्याच आसपास, फार तर शे-दोनशेने जास्त असतो. म्हणजे सव्वा ते दीड लाख.

तोही वर्षभर मिळत नाही. अकादमीची मुलं शाळा सुटल्यावर येतात, त्यामुळे वर्ग संध्याकाळी चार-पाच ते नऊ एवढ्यातच बसवावे लागतात. आठवड्याला २०-२५ तास मिळाले तर नशीब. १५ तासांचाच करार असेल तर पगारही त्या प्रमाणात. नोकरी कायम असली तरी करार बहुतेकदा हंगामी कामाचा असतो, तिथे त्याला 'फिखो दिस्कोंतिनुओ' म्हणतात. ऑक्टोबर ते जून पगार. जुलै ते सप्टेंबर काम नाही आणि पगारही नाही. "उन्हाळ्यात बेकारी भत्ता मिळतो" हे अर्धसत्य आहे. पूर्ण भत्त्यासाठी मागच्या सहा वर्षांत किमान ३६० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. ऑक्टोबर ते जून होतात २७३ दिवस. म्हणजे पहिल्या उन्हाळ्यात, हात सर्वांत रिकामा असतो तेव्हाच, तो भत्ता लागू होत नाही.

इटलीत वेगळी अडचण आहे. तिथे बऱ्याच शाळा शिक्षकाला नोकरीवर घेतच नाहीत, स्वतंत्र व्यावसायिक म्हणून बिल मागतात. समजा ताशी २० युरो मिळतात (हा दर बरा म्हणायचा) आणि महिन्याला ८० तास भरतात. बिल झालं १,६०० युरोचं. छोट्या व्यावसायिकांच्या सवलतीच्या योजनेत त्यातले ७८ टक्के, म्हणजे १,२४८ युरो, उत्पन्न धरतात. त्यावर २६.०७ टक्के निवृत्तिवेतनाची वर्गणी, म्हणजे ३२५. उरलेल्या ९२३ वर पहिली पाच वर्षं ५ टक्के कर, म्हणजे ४६. हातात राहिले १,२२९. काम नऊच महिने असेल तर वर्षाच्या सरासरीने महिना ९२०च्या आसपास, आणि त्यातूनच हिशेबनिसाची वार्षिक फी.

इथे नवखे हमखास फसतात. पहिल्या वर्षी बिलातून काहीच कापलं जात नाही, त्यामुळे १,६०० युरो पूर्ण आपलेच वाटतात. दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून गेल्या वर्षाची थकबाकी आणि चालू वर्षाचा आगाऊ हप्ता दोन्ही भरावे लागतात. दर बिलातला पाव हिस्सा पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवला नाही, तर तो उन्हाळा उधारीवर काढावा लागतो.

जर्मनीत दर चांगले दिसतात. प्रौढ शिक्षण केंद्रांत ४५ मिनिटांच्या तासाला २५-३५ युरो मिळू शकतात. पण स्वतंत्र शिक्षकाला सक्तीच्या निवृत्तिवेतनाचे १८.६ टक्के पूर्ण स्वतःच भरावे लागतात, मालकाचा वाटा नसतो. आरोग्यविमाही स्वतःचा. कच्च्या कमाईतला तिसरा हिस्सा प्राप्तिकराच्या आधीच जातो. त्यात २८ जून २०२२ रोजी तिथल्या संघीय सामाजिक न्यायालयाने हेरेनबेर्ग गावच्या संगीतशाळेतल्या शिक्षिकेला स्वतंत्र व्यावसायिक नव्हे तर कर्मचारी ठरवलं. तेव्हापासून शाळा स्वतंत्र शिक्षकांशी करार करताना बिचकतात. कायद्याने अशा करारांना ठरावीक मुदतीपुरती मुभा दिली आहे, म्हणून करार कुठल्या तारखेपर्यंतचा आहे ते नीट वाचा.

तीन लाखांचे पगार युरोपात आहेत, पण ते स्वित्झर्लंडमध्ये, चांगल्या आंतरराष्ट्रीय शाळांत किंवा सरकारी शाळांतल्या पात्र शिक्षकांना. इंग्लंडमध्ये लंडनबाहेर नव्या शिक्षकाचा किमान पगार २०२५-२६च्या शालेय वर्षात ३२,९१६ पौंड होता. मात्र भारतात शिक्षक झालेल्यांना तिथली पात्रता थेट मिळवायची सोय गणित, विज्ञान आणि परकीय भाषा या विषयांपुरती आहे. इंग्रजी विषय त्यात नाही.

"व्हिसा शाळाच करून देते"

सर्वांत जास्त नुकसान या वाक्याने होतं. युरोपीय संघात बाहेरच्या माणसाला कामावर घेण्याआधी बहुतेक देशांत मालकाला स्थानिक किंवा संघातला माणूस मिळत नाही हे दाखवावं लागतं. इंग्रजीच्या शिक्षकासाठी ते दाखवणं कठीण, कारण इंग्रजी बोलणारे आयर्लंड आणि माल्टा संघातच आहेत आणि तिथले नागरिक परवान्याशिवाय येऊ शकतात. स्पेनच्या 'माणसं मिळत नाहीत' अशा कामांच्या यादीत प्रामुख्याने जहाजावरची कामं असतात, अकादमीचा शिक्षक नसतो. जर्मनीच्या ब्लू कार्डाला (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांच्या परवान्याला) २०२५मध्ये तुटवड्याच्या पेशांसाठीही वर्षाला ४३,७५९.८० युरो पगार लागत होता, म्हणजे महिना सुमारे ३,६५०. भाषा-शाळा क्वचितच एवढा देते. पाच-सहा शिक्षकांची अकादमी तुमच्यासाठी महिनोन्महिने कागदपत्रं करत बसणार नाही. तिला सप्टेंबरअखेर वर्गात माणूस हवा असतो.

पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोवेकरांचं गणित वेगळं आहे. ते संघाचेच नागरिक, त्यांना परवाना लागत नाही. गोव्यातल्या ओळखीच्या कुणाला "सहज काम मिळालं" असं ऐकलं, तर आधी पासपोर्ट कुठला ते विचारा.

"अनुभव नको, कोर्स पुरे"

केंब्रिजचा सेल्टा हा इंग्रजी शिकवण्याचा कोर्सही १२० तासांचाच आहे, पण त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवावं लागतं आणि मागे बसलेला प्रशिक्षक प्रत्येक तासाचं मूल्यमापन करतो. व्हिडिओ बघून मिळणाऱ्या प्रमाणपत्रात हे नसतं, आणि बऱ्या शाळा नेमकं तेच विचारतात.

"अर्धे पैसे शिल्लक"

माद्रिदमध्ये नुसत्या खोलीचं भाडं ५०० ते ६५० युरो. जेवणखाण, प्रवास, फोन धरून आणखी ३५०-४००. हातात १,२९० असतील तर उरतात दोनशे-चारशे, आणि तेच बिनपगारी उन्हाळ्यासाठी ठेवायचे. पहिला पगार ऑक्टोबरअखेर येतो; तोवर अनामत, आगाऊ भाडं आणि खर्च भागवायला अडीच-तीन हजार युरो जवळ असावे लागतात.

"वर ऑनलाइन शिकवण्या"

प्रेप्लीसारख्या ऑनलाइन शिकवणीच्या संकेतस्थळांवर नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या तासाचे सगळे पैसे कंपनी घेते. पुढे ३३ टक्के कमिशन, ते तास वाढतील तसं १८ टक्क्यांपर्यंत उतरतं. शिवाय जर्मनीत विद्यार्थी म्हणून गेलेल्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस नोकरीची मुभा असली, तरी स्वतंत्र व्यवसायाला परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते, आणि ऑनलाइन शिकवणी व्यवसायातच मोडते. स्पेन याबाबत मोकळा आहे: उच्च शिक्षणासाठी गेलेल्यांना अभ्यासाशी जुळवून आठवड्याला ३० तासांपर्यंत काम करता येतं.

भारतीय पासपोर्टवर सरळ जाता येईल असा एक मार्ग फ्रान्सचा आहे: सरकारी शाळांत इंग्रजीचा भाषा-सहायक. ऑक्टोबर ते एप्रिल, आठवड्याला १२ तास, हातात महिना साधारण ८०० युरो. कामचलाऊ फ्रेंच यावं लागतं. पॅरिसमध्ये एवढ्यात भागत नाही. छोट्या गावात, शाळेच्याच आवारात स्वस्त खोली मिळाली तर भागतं. म्हणून नेमणुकीचं पत्र आलं की पहिला मेल शाळेला खोलीबद्दलच करावा.