त्याला नुसतं बसवून ठेवू नका

नोकरी लागली की लोक पेढे मागतात आणि विषय संपला असं समजतात. आम्हा न दिसणाऱ्यांचा खरा झगडा तिथून पुढे असतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टींसाठी, त्यातूनच मी बँकेत लागलो, पण खुर्ची मिळाली तरी काम मिळेना.

"तू बस रे, कशाला त्रास घेतोस, आम्ही करतो की." माणसं वाईट नव्हती हो, पण असं बसवून ठेवायचं आणि प्रमोशनच्या वेळी म्हणायचं याला अनुभव कुठाय, हा दयेतून होणारा अन्याय आहे आणि मला तो सरळ नकारापेक्षा घातक वाटतो. नकार आला तर भांडता तरी येतं. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांना २०१५ च्या यूपीएससीनंतर रेल्वेने दृष्टी नाही म्हणून घेतलं नाही, तर त्यांनी पुढच्याच परीक्षेत १२४ वी रँक काढली आणि आयएएस झाल्या. पण जिथे कुणी नाही म्हणतच नाही तिथे भांडायचं कुणाशी?

आणि आम्हाला लागतं तरी काय? एनव्हीडीए स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर, तो तर फुकट आहे, एका कानात इअरफोन आणि दुसरा कान कस्टमरकडे. पण सर्क्युलर येतं स्कॅन केलेलं, म्हणजे अक्षरांचा नुसता फोटो, उघडलं की कानात "एम्प्टी डॉक्युमेंट". तेच वर्डमधून सरळ पीडीएफ केलं असतं तर शेजारच्याच्या आधी माझं वाचून झालं असतं. सॉफ्टवेअर अपडेट झालं की काल पाठ असलेली स्क्रीन आज नुसतं "बटन, बटन, बटन" करते, कारण बनवणाऱ्याने बटनांना नावंच दिलेली नसतात, आणि साहेबांना वाटतं याला जमत नाही.

नोकरीत असताना ज्यांची नजर कमी होत चाललीय त्यांनी प्लीज लपवू नका. त्याच २०१६ च्या कायद्यातलं कलम २० वाचा. सरकारी आस्थापनेत या कारणावरून काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही, जुनं काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यावं लागतं.

कुणी मॅनेजर वाचत असाल तर तुमच्याकडे आलेल्या न दिसणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी विचारा तुला काय काय लागेल, ते द्या, आणि मग काम द्या, टार्गेटसकट. चुकलं तर बाकीच्यांना बोलता तेवढंच त्यालाही बोला.